अक्षरओळख : चीनमध्ये आपलं आपण फिरताना

बीजिंगच्या पश्चिम रेल्वे स्थानकात शिरलं की समोर भिंतभर लाल-हिरव्या अक्षरांचा फलक दिसतो. गाडीचा क्रमांक कळतो, सुटण्याची वेळ कळते. बाकी सगळी चित्रं. दुकानांच्या पाट्या, एसटीचे बोर्ड, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर आयुष्यभर सहज नजरेखालून घातलेल्या माणसाला वाचता न येणं म्हणजे काय, ते इथे पहिल्यांदा कळतं. माझी आजी एसटी स्टँडवर शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारायची, "बाळा, ही गाडी कुठली रे?" आणि उत्तर मिळाल्यावरही चढताना कंडक्टरला पुन्हा विचारायची. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. त्या फलकासमोर पासपोर्ट घट्ट धरून उभं असताना, ती दोनदा का विचारायची हे मला समजलं.

सहल कंपनीबरोबर गेलं तर हा क्षण वाट्याला येत नाही. पुढे झेंडा धरलेला मार्गदर्शक, मागे आपण. आठ दिवसांत बीजिंग, शिआन, शांघाय होतं आणि रात्री भारतीय जेवणही मिळतं. वयस्कर मंडळींना ते सोयीचंच आहे. पण आपलं आपण फिरायचं ठरवलं की चीन आधी तुमची अक्षरओळख काढून घेतो आणि मग एकेक अक्षर हातावर परत ठेवतो. मला ही देवघेव तिथल्या राजवाड्यांहून मोलाची वाटते.

आधी घरी बसून उरकायची कामं. भारतीय पासपोर्टला व्हिसा आगाऊ काढावा लागतो आणि अर्जासोबत कुठे कुठे फिरणार, कुठे राहणार याचा आराखडा द्यावा लागतो. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता–ग्वांगझोउ मार्गाने पुन्हा सुरू झाली. गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब तिथल्या इंटरनेटवर उघडत नाहीत. भारतातलं रोमिंग घेऊन गेलं तर बहुधा चालतात, कारण तेव्हा आपला डेटा आपल्याच कंपनीच्या वाटेने फिरतो. हॉटेलच्या वायफायवर मात्र बंद. पैशांचं काम अलीपे किंवा वीचॅटवर होतं. २०२३ पासून परदेशी कार्ड त्यांना सहज जोडता येऊ लागलं. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा आकार नाही, त्यापुढे ३ टक्के. यूपीआयची सवय असलेल्या आपल्या माणसाला हे दहा मिनिटांत जमतं. काही ठिकाणी आपण दुकानदाराचा कोड टिपायचा आणि काही ठिकाणी आपला कोड त्याला टिपू द्यायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं. फोनची बॅटरी संपली तर खिशात थोड्या नोटा हव्यात. आणि नकाशा तिथलाच वापरावा. चिनी कायद्याने नकाशांना खऱ्या अक्षांश-रेखांशांपासून थोडी सरकवलेली मोजणी लावावी लागते, त्यामुळे परदेशी नकाशावर आपला ठिपका शेजारच्या गल्लीत नाहीतर नदीत उभा दिसतो.

एवढं झालं की भाषा. इथे जरा रेंगाळतो, कारण याच ठिकाणी मराठी माणसाला एक सवलत आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते.

चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची अधिकृत पद्धत १९५८ साली आली. तिला पिनयिन म्हणतात. स्थानकांच्या आणि रस्त्यांच्या पाट्यांवर चिनी अक्षरांखाली तीच असते. इंग्रजीच्या सवयीने वाचली तर ती फसवते. पिनयिनमधला बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे श्वास सोडून म्हटलेला प, ओठ पूर्ण मिटून उच्चारलेल्या फ-सारखा. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणजे ज्याला आपण बीजिंग म्हणतो ते तिथल्या तोंडी जवळजवळ पेइ-चिंग असतं. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक इंग्रज माणसाला महिनोन्महिने घोटावा लागतो. आपण तो बाराखडीबरोबर शिकलेलो असतो. त्यापुढची गोष्ट तर खास मराठीची. आपल्याकडे च दोन आहेत, 'चित्र'मधला एक आणि 'चोर'मधला दुसरा. हा 'चोर'मधला च हिंदीत नाही, पण चिनी भाषेत आहे. पिनयिनमध्ये तो झेड या अक्षराने लिहितात. निरोप घेताना ते 'चाइ-चिएन' म्हणतात. त्यातला पहिला च 'चोर'चा आणि दुसरा 'चित्र'चा. मी ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा फळवाल्या बाईने मान वर करून पाहिलं. उच्चार बरोबर लागला की समोरच्या चेहऱ्यावर जे उजळतं, ते फोनवरच्या भाषांतराने कधीच उजळत नाही.

सूर मात्र नव्याने शिकावे लागतात. फुतोंगह्वा, म्हणजे देशभर चालणारी प्रमाण चिनी भाषा, हिच्यात चार सूर आहेत आणि सुरावर अर्थ ठरतो. 'माइ' हा शब्द खाली बुडवून वर आणला तर विकत घेणं, वरून थेट खाली आपटला तर विकणं. बाजारात उभं राहून या दोहोंत गल्लत केली तरी हातातल्या वस्तूकडे पाहून लोक सांभाळून घेतात.

आता अक्षरं. चिनी वर्तमानपत्र वाचायचं तर दोन-तीन हजार अक्षरं लागतात हे ऐकून माणूस हात टेकतो. फिरायला मात्र तीस-चाळीस पुरतात, आणि ती पाठ करावी लागत नाहीत, भेटत जातात. रिकामा चौकोन म्हणजे तोंड, उच्चार खोउ. एकावर एक ठेवलेल्या दोन डोंगरांसारखं दिसणारं अक्षर म्हणजे बाहेर पडणं. ही दोन शेजारी आली की 'बाहेर पडायचं तोंड', म्हणजे निर्गमन. मेट्रोत हीच जोडी मी पहिली शिकलो. आपणही 'गल्लीच्या तोंडाशी भेट' म्हणतोच. दोन पायांवर उभ्या माणसासारखं दिसणारं अक्षर म्हणजे माणूस, आणि माणूस अधिक तोंड म्हणजे लोकसंख्या. घरात खाणारी तोंडं किती, असं विचारणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

आणि रेल्वे? तिला ते 'हुओ-छ' म्हणतात. हुओ म्हणजे आग, छ म्हणजे गाडी. आगगाडी! एकोणिसाव्या शतकात धूर ओकत आलेलं ते नवं यंत्र पाहून हजारो मैल अंतरावरच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच नाव ठेवलं. आपल्याकडे आता हा शब्द फक्त बालगीतांत आणि जुन्या पुस्तकांत उरला आहे. चीनमध्ये ताशी ३५० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या स्थानकांकडे नेणाऱ्या पाट्यांवरही बहुधा आगगाडीच लिहिलेलं असतं. मला हे कळलं त्या दिवसापासून ते फलक परके वाटेनासे झाले.

नकाशाही असाच उलगडतो. पेइ उत्तर, नान दक्षिण, तुंग पूर्व, शी पश्चिम. बीजिंग म्हणजे उत्तरेची राजधानी, नानजिंग दक्षिणेची. हुनान म्हणजे सरोवराच्या दक्षिणेचा मुलूख, हुपेइ उत्तरेचा. युन्नान म्हणजे ढगांच्या दक्षिणेला. बुद्रुक आणि खुर्द कळले की महाराष्ट्रातल्या निम्म्या गावांची घडण कळते, तसं हे आहे. यात जिवाशी गाठ असलेला एक मुद्दाही आहे. मोठ्या शहरांत चार-पाच स्थानकं असतात, शहराच्या नावाला दिशा जोडून ओळखली जाणारी. बीजिंगच्या दक्षिण स्थानकातून शांघायच्या गाड्या सुटतात, पश्चिम स्थानकातून ग्वांगझोउ आणि शिआनच्या. दोहोंत काही किलोमीटरचं अंतर आहे. नान आणि शी ही अक्षरं न पाहता टॅक्सीत बसलेल्या माणसाची गाडी चुकणार हे ठरलेलं.

गाड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपलं आपण फिरणाऱ्याचा चीन रुळांवरच उभा आहे. अतिवेगवान गाड्यांचा पहिला मार्ग २००८ मध्ये बीजिंग ते त्येनचिन असा झाला. २०११ मध्ये बीजिंग–शांघाय हा १,३१८ किलोमीटरचा मार्ग उघडला. वेगवान गाडी तो साडेचार तासांच्या आत-बाहेर कापते. आज अशा मार्गांची लांबी ४५,००० किलोमीटरच्या पुढे गेली आहे. तिकीट पंधरा दिवस आधी खुलं होतं आणि तुमच्या पासपोर्टच्या क्रमांकावर निघतं. कागद हातात मिळत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. चिनी माणूस ओळखपत्र यंत्रावर टेकवून आत जातो, आपण बहुतेक वेळा कडेच्या, माणूस बसलेल्या दारातून. सामानाची तपासणी, प्रचंड प्रतीक्षागृह, सुटण्याच्या सुमारे पंधरा मिनिटं आधी उघडणारं आणि काही मिनिटं आधी मिटणारं फाटक. धावत येऊन डब्याचा दांडा पकडायची आपली पद्धत इथे उपयोगाची नाही.

पण डब्यात शिरल्यावर एक गोष्ट आढळते जी नव्या गाडीत आहे आणि जुन्या, हिरव्या रंगाच्या संथ गाडीतही आहे : डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ. प्रत्येक डबा, प्रत्येक स्थानक, विमानतळ, शाळा, सगळीकडे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छता मोहिमेत सरकारने पाणी उकळूनच प्या असं घराघरात ठसवलं, आणि चहाचा देश असल्यामुळे ते रुजायला वेळ लागला नाही. समोरच्या बाकावरचे आजोबा काचेच्या बाटलीत तळाशी चहाची पानं टाकून बसतात. पाणी निम्म्यावर आलं की उठतात, नळावर बाटली भरतात, पुन्हा येऊन बसतात. पानं तीच. पाण्याचा रंग दर खेपेला थोडा फिका होत जातो आणि प्रवास संपेपर्यंत बाटलीत जवळपास कोमट पाणीच उरतं. या पाण्याला ते 'खाय-श्वेइ' म्हणतात. खाय म्हणजे उघडणं. पाणी उकळलं तरी खाय, फूल उमललं तरी खाय. मराठीत उकळीही फुटते आणि पालवीही फुटते, त्यामुळे हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. शाकाहारी प्रवाशाला हा नळ फार मोठा आधार आहे. घरून नेलेला झटपट उपमा, पोह्यांची पाकिटं, मुगाचं सूप, सगळं त्यावर भागतं.

ज्याला वेळ आहे त्याने एकदा तरी संथ गाडीत बसावं. नैर्ऋत्येकडच्या सिचुआन प्रांतात लियांगशान नावाचा डोंगराळ भाग आहे, यी समाजाची वस्ती असलेला. तिथून छंगदू–खुनमिंग हा लोहमार्ग जातो. १९७० मध्ये पुरा झालेला, चारशेहून अधिक बोगदे आणि जवळपास हजार पूल असलेला. या मार्गावर फूश्योंग ते पानझिह्वा अशी एक गाडी रोज धावते. जाताना क्रमांक ५६३३, येताना ५६३४. पुढे वेगदर्शक अक्षर नाही, कारण वेग नाही. साडेतीनशे किलोमीटरला जवळजवळ सगळा दिवस. पूर्ण प्रवासाचं भाडं २५ युआनच्या आसपास, सर्वांत कमी टप्प्याचं २ युआन, आणि ते कित्येक वर्षांत वाढवलेलं नाही. काही डब्यांतली आसनं काढून मधे मोकळी जागा ठेवली आहे, डुकरं, बकऱ्या, कोंबड्या आणि बटाट्याची पोती बाजाराला नेता यावीत म्हणून. वसतिगृहात राहणारी मुलं याच गाडीने शाळेला जातात. देशात अशा सुमारे ऐंशी गाड्या तोट्यात चालवल्या जातात, कारण त्या बंद केल्या तर रस्ता नसलेल्या वाड्यांचा बाजार आणि दवाखाना तुटेल. वेगवान गाडीच्या खिडकीतून चीन दिसतो आणि निसटतो. या गाडीत तो शेजारी येऊन बसतो, मांडीवरची कोंबडी सांभाळत, आणि तुम्हाला सूर्यफुलाच्या बिया देतो.

खेड्याकडे जायची रीत साधारण एकच आहे. वेगवान गाडीने जिल्ह्याच्या जवळपास पोचायचं, तिथून बसने तालुक्याला, म्हणजे 'शिएन'ला, आणि तिथून पुढे म्येनपाओ-छ. शब्दशः पाव-गाडी. पावासारख्या चौकोनी आकाराची ती छोटी गाडी आपल्या वडापासारखी चालते : भरली की सुटते. गुइझोउ प्रांतातलं झाओशिंग हे तोंग समाजाचं गाव मी असंच पाहिलं. एकावर एक छपरं चढत गेलेले लाकडी नगारा-मनोरे, गावात असे पाच, पाच कुळांचे. खाली बाकांवर म्हातारे बसलेले, वर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. त्या भागात भाताच्या पाण्यात मासे सोडतात आणि बदकंही. मासे-बदकं कीड खातात, त्यांच्या विष्ठेने खत होतं. डिसेंबर २०१४ मध्ये गुइयांग–ग्वांगझोउ वेगवान मार्ग सुरू झाला आणि हे गाव एकदम नकाशावर आलं. तेव्हापासून तिथे कंदील लावलेली हॉटेलं वाढली आहेत. मला स्वतःला मुख्य गावापेक्षा वरच्या अंगाची, तासाभराच्या चढावरची वस्ती जास्त आवडली. तिथे दुपारी नुसता पाटाच्या पाण्याचा आवाज होता.

खेड्यात आणखी एक गोष्ट जाणवते. म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं, मधली पिढी नाहीच. ती ग्वांगतुंगच्या आणि किनाऱ्यावरच्या कारखान्यांत आहे. वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नव्या वर्षाला, ती सगळी एकदम घरी येते. गणपतीला चाकरमानी कोकणात निघतात तेव्हा दादर-ठाण्याला जे होतं, तेच संपूर्ण देशभर, चाळीस दिवस. त्या काळात आणि १ ऑक्टोबरपासूनच्या सुट्टीच्या आठवड्यात बाहेरच्या माणसाने जाऊ नये. तिकीट मिळत नाही म्हणून तर नाहीच, पण वर्षातून एकदा घरी जाणाऱ्याची जागा आपण का अडवावी?

बाजाराचा दिवस साधला तर खेडं सर्वांत चांगलं भेटतं. आपल्या आठवडे बाजारासारखा तिथला बाजार अनेक ठिकाणी चांद्र तिथीवर भरतो, उदाहरणार्थ ज्या तिथींच्या शेवटी तीन किंवा आठ येतात त्या दिवशी. भाव सांगायचं माप 'चिन', म्हणजे अर्धा किलो. हे माहीत नसलं की सगळं महाग नाहीतर फसवं वाटतं. आणि भाव बोटांवर. मी नासपती घेत होतो. विकणाऱ्या मावशींनी अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. मी दोन युआन काढून दिले. त्यांनी ते परत माझ्या तळहातावर ठेवले आणि पुन्हा तीच दोन बोटं. शेजारच्या शाळकरी मुलाने माझ्या फोनवर ८ दाबून दाखवला. चिनी माणूस एका हातावर दहापर्यंत मोजतो : अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, अंगठा-तर्जनी म्हणजे आठ, आकडीसारखी वाकवलेली तर्जनी म्हणजे नऊ. मावशींनी मग माझा हात हातात घेऊन सहा, सात, आठ, नऊ असे सगळे आकडे एकेक करून माझ्या बोटांनी घडवले. त्यांचे तळवे शेतकऱ्याचे होते, खरखरीत आणि गरम.

सगळंच असं गोड नसतं. परदेशी माणूस कुठेही मुक्कामी राहिला की चोवीस तासांत त्याची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ती आपणहून करतं, पण लहान ठिकाणी पासपोर्ट संगणकात कसा भरायचा हेच माहीत नसतं आणि दारातूनच नकार मिळतो. परदेशी पाहुण्याला नाकारू नका असं सरकारने २०२४ मध्ये बजावलं आहे, तरी एका तालुक्याच्या गावी रात्री साडेदहाला मला दोन ठिकाणी मान हलवून परत पाठवलं. तिसऱ्या घरच्या मुलीने पोलिस ठाण्यात फोन लावला, स्वतः माझ्याबरोबर चालत आली आणि नोंद करून घेतली. तेव्हापासून लहान गावी जायच्या आधी मी फोनवरून विचारून घेतो. तिबेटमध्ये तर असं फिरताच येत नाही. वेगळा परवाना आणि मार्गदर्शक सक्तीचा. सगळीकडे कॅमेरे असतात, पासपोर्ट दिवसातून पाच वेळा निघतो. गप्पा रंगल्या तरी राजकारणाचे प्रश्न विचारू नयेत. आपण चार दिवसांनी निघून जातो, उत्तर देणारा माणूस तिथेच राहणार असतो.

जेवणाचं शाकाहारी मंडळींना फार भय वाटतं. त्यावर दोन शब्द आहेत. एक 'सू', म्हणजे शाकाहारी. मोठ्या बौद्ध मठांजवळ 'सू' लिहिलेली खानावळ हमखास सापडते आणि तिथलं जेवण निर्धास्त खावं. दुसरं वाक्य 'पू याओ रोउ', मांस नको. पण यात गोम आहे. 'रोउ' म्हटलं की लोकांच्या मनात डुकराचं मांस येतं, आणि भाजीवर भुरभुरलेला खिमा किंवा फोडणीची चरबी ही अनेकांच्या हिशेबात मांस नसतेच. म्हणून चरबी नको, रस्सा नको, हे चिनीत लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची परतलेली भाजी देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात मिळते. बटाटा-वांगं-मिरचीची 'ती सान शिएन', म्हणजे 'जमिनीची तीन ताजी' आणि भात मिळाला की मला तरी घरची आठवण कमी येते.

बीजिंगहून पश्चिमेला जाणाऱ्या मार्गावर मराठी माणसासाठी ओळखीच्या खुणा आहेत. पिंगयाओ हे तटबंदी शाबूत असलेलं गाव त्याच वाटेवर. तिथे १८२३ मध्ये सुरू झालेल्या रिशंगछांग पेढीचा वाडा आहे. ही पेढी रोख न हलवता एका गावाहून दुसऱ्या गावी पैसे पोचवायची, चिठ्ठीवर. वाडा फिरताना मराठी माणसाच्या तोंडी हुंडी हाच शब्द येतो. पुढे शिआनमध्ये महाहंस मनोरा आहे, इसवी सन ६५२ मधला. शुआनझांगने, आपण ज्याला ह्युएनत्संग म्हणतो त्याने, भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो बांधला गेला. हा भिक्षू देश सोडायची मनाई असताना एकटा निघाला, सोळा-सतरा वर्षं फिरला, आणि दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. आपल्या ग्रंथात त्याने त्या मुलखाचं नाव लिहिलं 'मो-हो-ला-छा'. कानाला आलं ते त्याने आपल्या लिपीत बसवलं.

या सगळ्याच्या आधी, बीजिंगच्या त्या पश्चिम स्थानकातून सुटणारी वेगवान गाडी सव्वा तासात शिजियाझुआंगला पोचते. पर्यटकांच्या यादीत हे शहर नसतं; बहुतेक जण तिथे उतरत नाहीत. शहराच्या मध्यभागी उत्तर चीनच्या हुतात्म्यांची स्मशानभूमी आहे आणि तिथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आणि पुतळा आहे. त्याच आवारात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलं. कोटणीस त्यातले एक, नागपूरचे डॉ. चोळकर दुसरे. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. ते चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हपेइ प्रांतातल्या एका खेड्यात वारले. चीनमध्ये त्यांचं नाव ख तिह्वा. एप्रिलच्या सुरुवातीला, पूर्वजांच्या कबरी झाडायच्या छिंगमिंग सणाला, त्यांच्या समाधीवरही फुलं वाहिली जातात.

ते गेले तेव्हा त्यांचा मुलगा काही महिन्यांचा होता. त्याचं नाव ठेवलं होतं यिनह्वा : यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ह्वा हे अक्षर बँकांच्या आणि दुकानांच्या पाट्यांवर सारखं दिसत राहतं, चार-पाच दिवसांत डोळ्याला सवयीचं होतं. आणि यिन रोज रात्री दिसतं. हॉटेलच्या गल्ल्यावरची मुलगी तुमचा पासपोर्ट समोर ठेवून देशाचा रकाना भरते, यिन-तू, भारत. आणि बरोबर भरलं ना हे पाहायला पडदा तुमच्याकडे वळवते.